न्हाणीत टांगलेलं चाक

किसन सुताराने मला फसवलं. मी किसन सुताराला फसवलं नाही. हे पहिल्यांदाच लिहून टाकतो, कारण दारव्ह्यात हीच गोष्ट उलटी सांगितली जाते, आणि सांगणाऱ्यांत माझी बायको सगळ्यांच्या पुढे असते.

मी बैलांचा दलाल. बाजारात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा अंगावर एक धोतर होतं आणि तेही थोरल्या भावाचं. त्यानंतर जे केलं ते याच जिभेवर आणि याच दहा बोटांवर केलं. विटांचं घर बांधलं, वर टिनाचं छप्पर घातलं आणि घराच्या आत न्हाणी काढली. त्या वेळी आमची अख्खी गल्ली मागच्या अंगणात दगडावर बसून, तट्ट्याच्या आडोशाला अंघोळ करायची. माझ्या न्हाणीला दार होतं. दाराला कडी होती. लोक कडी बघायला यायचे.

न्हाणी जरा लहान झाली होती, हे कबूल करतो. (गवंड्याशी घासाघीस करताना मी भाव कमी केला, त्याने भिंत कमी केली.) चार हात लांब, तीन हात रुंद. त्यात पाण्याचा रांजण, तांब्याचा बंब आणि बसायचा दगड ठेवला की उरलेल्या जागेत एक माणूस अंघोळ करू शके, फक्त त्याने कोपरं अंगाशी धरायला हवीत. पाठ चोळायची असेल तर आधी दार उघडावं लागे. टॉवेल ठेवायला एक खुंटी होती.

आणि टॉवेल मात्र घरात अठ्ठावीस होते. आमच्याकडे माणसाचा मान करायचा म्हणजे टॉवेल-टोपी. लग्न असो, बारसं असो, विहिरीला पाणी लागलेलं असो, पाहुण्याच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल पडलाच पाहिजे. दलालाला बोलावणं सगळीकडून. टोप्या गेल्या कुठे कुठे, टॉवेल तेवढे पेटीत साठत गेले. मी ते कधी वापरू दिले नाहीत. टॉवेल वापरायला नसतो, दाखवायला असतो.

ती दाखवायची वेळ एका माघात आली. माझी मुलगी कमल हिच्यासाठी उमरखेडचं स्थळ आलं. मुलगा मनोहर शाळेत मास्तर. त्याआधी मी दोन स्थळं आणली होती, दोन्ही बैलांच्या धंद्यातली, उत्तम खांद्याची. कमलने दोन्हीला नाही म्हटलं. मनोहर येऊन बघून गेला तेव्हा तिने आईला एवढंच सांगितलं, "हे. आनी हे नाही झालं तर मंग मले पुन्हा कोनापुढं बसवू नका." पोरगी माझ्या वळणाची आहे. एकदा भाव सांगितला की खाली येत नाही. म्हणजे सोयरीक जुळली तर हीच, नाही तर घरात बाप-लेकीचा अबोला, जन्मभराचा.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. उमरखेडाहून सात पुरुष आणि दोन बायका आदल्या संध्याकाळी मोटारीने येणार, मुक्काम करणार, सकाळी अंघोळी करून मांडवात बसणार.

"सात मानसं," बायको म्हणाली, "आनी खुंटी एक. टॉवेल काय डोक्यावर ठेवून आंघोळ करतीन?"

अंगणातल्या दोरीवर टॉवेल टाका, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, मास्तराचा बाप ओल्या अंगाने माझ्या अंगणातून टॉवेल शोधत फिरणार? न्हाणी कशासाठी बांधली मग?

मी स्वतः हातोडा घेतला. पहिली खुंटी ठोकली ती भिंतीतून पार होऊन पलीकडे स्वयंपाकघरात निघाली आणि तिने लोणच्याची बरणी फळीवरून खाली ढकलली. (भिंत कमी केल्याचं मी वर सांगितलंच आहे.) मग आडवा बांबू बसवला. माझा साळा महादेव उंचीचा अंदाज घ्यायला म्हणून आत गेला आणि बांबू गळ्यात अडकवून बाहेर आला. बांबू वर चढवला तेव्हा तो कोणाच्या गळ्यात येईना, पण कोणाच्या हातालाही येईना. तेव्हा बायको म्हणाली, किसनला बोलवा. मी म्हणालो, बोलावलं की भाव वाढतो, आपणच जाऊ.

किसनच्या वाडग्यात, म्हणजे घरामागच्या कुंपणात, एका रेंगीचं जुनं चाक पडलं होतं. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. तिचं चाक मोठ्या गाडीच्या चाकाहून लहान, नाजूक. किसनने ते पायाने उलटवलं आणि एक कल्पना सांगितली. कल्पना चांगली होती, हे आजही म्हणतो. चाकाचा घेर काढून टाकायचा, मधला तुंबा आणि त्यात बसवलेले बारा आरे तेवढे ठेवायचे. आसाचा एक तुकडा छपराच्या आडव्या नाटेला उभा ठोकायचा आणि त्यात तुंबा अडकवायचा. म्हणजे डोक्यावर बारा दांड्या, भिंतीला एक खिळा नाही. हाताने जरा ढकललं की चाक फिरतं आणि ज्याचा टॉवेल त्याच्या समोर येतो.

माझे डोळे चमकले असणार. पण मी तोंड पाडलं. चांगल्या वस्तूपुढे तोंड पाडायचं, हा धंद्याचा पहिला नियम.

बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. दुपट्ट्याखाली हात घालून बोटांनी सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. किसनच्या वाडग्यात शेजारी फक्त एक शेळी होती, तरी मी दुपट्टा टाकला. माझी बोटं उघड्यावर नीट चालत नाहीत. बराच वेळ आम्ही एकमेकांचा हात दाबत बसलो. शेवटी त्याने मागितलं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात सौदा पक्का केला, आणि वर ठोकण्याची मजुरीही त्याच्याच गळ्यात घातली.

इथे थांबलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. पण सौदा संपल्यावर वर काहीतरी मागायचंच, हा माझा दुसरा नियम. बैल घेतला की दावं मागायचं, दावं दिलं की घुंगरू.

"वंगण तुह्याकडून," मी म्हणालो.

गाडीचं वंगण म्हणजे एरंडीचं तेल आणि काजळी. किसनकडे डबाभर तयार होतं. त्याने दोन बोटं भरून तुंब्याला लावलं आणि डबा मिटला.

"एवढंच?"

"भाऊ, न्हानीतलं चाक हाय. बाजाराले थोडंच जाऊन राह्यलं."

"फुकटचं देतं तर कंजूसी कायले करतं? भर."

किसनने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने डबा उघडला आणि तुंबा गच्च भरला. तो त्या वेळी जरासा हसला होता. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. सौद्यात हरलेला माणूस हसत नाही.

चाक टांगलं गेलं. सुंदर दिसलं. गल्ली पुन्हा न्हाणी बघायला आली, आणि या वेळी कडीकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

पाहुणे आले, जेवले, झोपले. सकाळी पाहुण्यांकडच्या बायकांनी आधी अंघोळी उरकल्या. त्यांतल्या एक मनोहरच्या आत्याबाई. परक्या घरच्या कापडाने अंग पुसत नाही, असं सांगून त्यांनी स्वतःचं जुनेर काढलं. मला ते जरा लागलं. मग मी पेटीतले सात पांढरेशुभ्र टॉवेल काढले आणि स्वतःच्या हाताने सात आऱ्यांवर टाकले. पाणी उडू नये म्हणून आत तुंब्यापर्यंत सरकवले. शेजारच्यांची नजर नको म्हणून झरोक्यावर गोणपाट लावलं. आत चांगला अंधार झाला. पहाटेपासून बंब पेटलेला होता, माघाची थंडी होती, दार बंद होतं. वाफ अशी कोंडली की न्हाणीत भात शिजला असता.

आता ज्याने बैलगाडी पाहिली आहे त्याला हे माहीत असतं की चाकाचे आरे सरळ आडवे नसतात, तुंब्यापासून बाहेर जरासे उतरते असतात. मी जन्मभर गाड्यांत बसलेला माणूस. मला माहीत होतं. आठवलं नाही, एवढंच.

आधी व्याही आत गेले. आतून चाक फिरल्याचा आवाज आला. मग परत आला. नुसत्या हौसेने फिरवत होते. मी महादेवला कोपराने ढोसलं. मग व्याही बाहेर आले, धोतर नेसलेले, केस चापून बसवलेले, आणि कपाळापासून डाव्या कानापर्यंत एक काळा पट्टा. दुसरा हनुवटीवर.

पाहुण्याच्या तोंडाला काही लागलंय हे सांगायचं कसं? तेवढ्यात त्यांचे धाकटे भाऊ न्हाऊन आले. नाकावर काळं, दोन्ही गालांवर काळं. तिसरा खुद्द नवरामुलगा. त्याच्या तर भुवयाच एक झाल्या होत्या. घरातला एकुलता आरसा कमलला नटवायला आतल्या खोलीत गेलेला, त्यामुळे तिघांनीही केस अंदाजानेच विंचरले होते. एकाच्या तोंडाला लागलं तर अपघात म्हणावा. तिघांच्या?

मी महादेवला बाजूला घेतलं. महादेव एकदा बैलजोडी घ्यायला उमरखेडला गेला होता, त्यामुळे त्या मुलखातलं त्याला सगळं कळत असे.

"भाऊजी, तिकडं मराठवाडा लागून हाय," तो हळूच म्हणाला. "चाली येगळ्या असतात. शुभकार्याले नजर लागू नाही म्हनून काजळ लावून राह्यले ते."

"मंग आपल्याले काहून नाही सांगितलं?"

"आपल्याले ठाऊक असंन, असं वाटलं असंन त्याह्यले."

हे मला पटलं. आणि पटताच घाम फुटला. लोक आपली चाल पाळून बसलेत आणि मुलीकडचे आपण कोऱ्या तोंडाने उभे! माणूस अडाणी दिसला की भाव पडतो. मी आमच्याकडच्या पाचही जणांना स्वयंपाकघरात नेलं, तव्याच्या बुडाची काजळी खरवडली, तीत तेल घातलं आणि एकेकाला बसवलं. त्यांच्याकडे दोन पट्टे तर आपल्याकडे तीन. मी स्वतःला चार ओढून घेतले. मुलीचा बाप म्हटल्यावर एक जास्तीचा हवा.

बाहेर आलो. व्याह्यांनी मला पाहिलं. ते क्षणभर थबकले, स्वतःच्या भावाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या आदराने हात जोडले. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं ते मला नंतर कळलं. भावाचं तोंड पाहून ते त्याला धुवायला पाठवणारच होते, तेवढ्यात मी आलो. ते समजले की दारव्ह्याकडे पाहुण्याला न्हाणीतच काळं लावायची चाल असावी, आणि यजमानांनी ती इतक्या खुबीने पार पाडली की पाहुण्याला कळूही दिलं नाही. मग त्यांनी उरलेल्या मंडळींनाही खुणेने सांगून टाकलं की तोंडं पुसू नका.

मांडवात आम्ही समोरासमोर बसलो. सात ते, सहा आम्ही. गल्लीतली माणसं भोवती जमली होती आणि अजिबात आवाज करत नव्हती. आमची गल्ली इतकी गप्प मी तोपर्यंत कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, थाट पाहून दबली.

मग बायकांनी कमलला आणलं. मान खाली, हातात पानसुपारीचं ताट. मुलीने अशा वेळी मान वर करायची नसते, हे तिला शंभरदा सांगितलं होतं. तिने केली. आधी तिने मनोहरला पाहिलं. मग मला पाहिलं. ताट थरथरायला लागलं. मला वाटलं, लाजली. पण ती हसत होती. आधी बंद तोंडाने, मग उघड्या तोंडाने, आणि शेवटी ताट खाली ठेवून जमिनीवर बसूनच हसली.

आत्याबाई तिच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी आमच्या तेरा तोंडांवरून नजर फिरवली आणि काहीच न कळून पहिली गोष्ट हातात आली ती धरली. "पोरगी नवऱ्या मुलाला हसली," त्या म्हणाल्या. "भर मांडवात."

व्याह्यांचा चेहरा उतरला. (काळ्याखालूनही उतरलेला दिसला.) "व्याहीबुवा," ते उठत म्हणाले, "तुमच्या घरची चाल आम्ही निमूटपणे पाळली. आणि तुमचीच मुलगी आम्हाला हसते?"

"आमची चाल?" मी म्हणालो. "आमची कुठली? तुमची ना?"

मग दोन्हीकडची माणसं एकदम उठली आणि न्हाणीकडे निघाली. सात-आठ जण त्या चार हातांच्या जागेत घुसलो. कोणीतरी गोणपाट ओढून उजेड केला. टॉवेलांच्या मधल्या घड्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या. वंगण वितळून आऱ्यांवरून सरळ टॉवेलात उतरलं होतं, आणि तोंड पुसायला माणूस टॉवेलाचा मधलाच भाग धरतो. "हे पाहा, चाक किती चांगलं फिरते," असं म्हणून मी दाखवायला म्हणून चाक ढकललं. दाखवायला नको होतं. तोपर्यंत ज्यांची नुसती तोंडं काळी होती, त्यांची आता पागोटीही झाली.

मी किसनच्या नावाने ओरडलो. तो मांडवातच जेवणाची वाट पाहत बसला होता. मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, सोयरीक मोडायला कोणी सुपारी दिली तुला?

"म्या दोन बोटंच लावलं व्हतं," किसन शांतपणे म्हणाला. "भाऊच म्हने, फुकटचं हाय तर भर. वाटलं तर इचारा, शेळी साक्षीले व्हती."

आता माझ्याकडे सगळे पाहत होते. बाजारात मी हजार डोळ्यांसमोर उभा राहिलेला माणूस, पण त्या दिवशी मला कुठे पाहावं कळेना, म्हणून मी कमलकडे पाहिलं. तिचं हसणं थांबलं होतं. व्याह्यांचे भाऊ मोटारीची वेळ विचारत होते, आणि ते ऐकून तिचे डोळे भरले होते. तिने मला एक शब्द दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडलो असतो, ते मला जमतं. मी त्या काळ्या तोंडाने व्याह्यांपुढे गेलो आणि म्हणालो, "चूक माही हाय. पोरीची नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याने काही न मागता भाव खाली आणला.

मनोहरने बापाच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, "आरसा मिळेल का?" कमलने तो स्वतः आतून आणून दिला. त्याने आपली एक झालेली भुवई पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं, आणि मास्तर असूनही मोठ्याने हसला. ती डोळे पुसत पुन्हा हसली. आत्याबाई दोघांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात अख्खी गल्ली उभी होती.

"बसा सगळे," त्या म्हणाल्या. "आता तोंडं धुतली तर उद्या दारव्ह्यापासून उमरखेडपर्यंत लोक म्हणतील, फजिती झाली. न धुता बसलात तर म्हणतील, चाल आहे. पोरांची मनं जुळलीत. मग चालच आहे."

आणि त्यांनी आऱ्यावरचं वंगण बोटाला घेऊन, जे कोरे होते त्यांनाही लावलं. भटजींनाही सोडलं नाही. किसनला तर मी लावलं, तळहाताने.

साक्षगंध झालं, लग्न झालं, कमल उमरखेडला सुखात आहे. पण आत्याबाईंचा शब्द वाऱ्यावर गेला नाही. त्यानंतर दोन्ही घरांत चार साक्षगंधं झाली आणि चारही वेळा मांडवात वंगण आलं. मनोहरच्या धाकट्या भावाच्या वेळी मुलीकडच्यांनी विचारलं, हे काय? तर व्याह्यांनी गंभीरपणे सांगितलं, आमची जुनी चाल आहे. जुनी! गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या साक्षगंधात पहिला मान म्हणून मलाच बसवलं आणि चार पट्टे ओढले. मी कमी करा म्हणालो. आत्याबाई म्हणाल्या, तुमचे चारच असतात. आणि वंगण कोणाकडून? किसनकडूनच. आता तो त्याचे रोख पैसे घेतो, एक पैसा सोडत नाही. मी दुपट्टा काढला तर म्हणतो, भाऊ, शुभकार्यात घासाघीस करू नाही.

माझं म्हणणं साधं आहे. दोन तालुक्यांतली शहाणीसुरती माणसं मांडवात तोंडं काळी करून बसतात, याला कोणीतरी जबाबदार आहे. किसन सुताराने याचा जाब द्यावा. तो नाही म्हणत असेल तर महादेवने द्यावा. तोही नाही म्हणत असेल, तर ज्याने दोन बोटांऐवजी डबाभर वंगण फुकट मागून घेतलं त्या माणसाला चारचौघांत उभं करून विचारा. मात्र जरा थांबा. तो अजून साबण लावून तोंड धुतो आहे.